चिठ्ठीवर गाव लिहिलंय मालाड

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तुम्ही अंधेरी पश्चिमेतल्या एका शाळेच्या सभागृहात शिरता. सहा-सात लांब टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर दगड. प्रदर्शन एवढंच. वीस मिनिटांत फेरी पुरी होईल. जळगावकडचं हिरवं अपोफिलाइट आहे, नाशिककडचं सोनेरी कॅल्साइट आहे. सगळ्यांत जास्त गर्दी वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटपाशी, आणि ते रास्तच आहे. पुण्याजवळच्या त्या खाणींसारखं कॅव्हन्साइट जगात दुसरीकडे क्वचितच निघालं.

तुम्ही मात्र कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबता. काळा, ओबडधोबड दगड मधोमध फुटलेला आहे. आत मुठीएवढी पोकळी आणि त्या पोकळीत पांढरे शुभ्र गोळे, कापसाचे वाटावेत असे. खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी: ‘ओकेनाइट, गायरोलाइटसह. मालाड, मुंबई.’

“काका, हात लावू?” शेजारी उभी असलेली मुलगी विचारते.

“नको गं. दगडाचे केस आहेत ते. एकदा बोट फिरलं की चिकटून बसतात, परत उभे राहत नाहीत.” टेबलामागचे गृहस्थ तिला दुसरा नमुना देतात. “हा धर. घट्ट धर, ह्याला काही होत नाही.”

तिच्या हातात फिकट हिरव्या, बोटाएवढ्या नळ्यांचा जुडगा आहे. प्रेह्नाइट. हाही मालाडचा. आधी इथे लॉमोंटाइटचे लांब स्फटिक वाढले, त्यांच्यावर प्रेह्नाइटचं कवच चढलं, मग आतलं लॉमोंटाइट गेलं आणि कवच राहिलं. लॉमोंटाइट तसं हळवंच. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं आणि त्याचा भुगा होतो.

तुम्ही पुन्हा चिठ्ठी वाचता. रोज नऊ-सतराच्या फास्ट लोकलनं जे स्टेशन मागे टाकता, त्याचं नाव. मान वर करता, तर सभागृह नाही.

ऊन आहे. धुरळा आहे. वर्ष १९७०च्या थोडं पुढचं. मालाडच्या पूर्वेला डोंगराचा एक अख्खा खांदा कापून काढलेला आहे आणि तुम्ही त्या उघड्या काळ्या भिंतीसमोर उभे आहात. खाली खडीचे ढीग. क्रशरचा खडखडाट इतका की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. ढिगांच्या कडेला, फाटक्या पोत्यांच्या सावलीत बायका बसल्यात, हातोडीनं दगड फोडतायत, आणि त्यांची लेकरं त्याच सावलीत झोपलीत. ही वडार कुटुंबं. दगडाची शीर कुठून जाते आणि घाव कुठे घातला की तो फाटतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

कुणीतरी लाल बावटा हलवतो. “सुरुंग! सुरुंग! मागं व्हा!” क्रशर थांबतो. बायका लेकरं उचलून पळतात, तुम्हीही एका ट्रकच्या आडोशाला जाता. आधी पायांखालची जमीन हलते, मग आवाज येतो. धुरळा खाली बसायला बराच वेळ लागतो.

भिंतीचा मोठा तुकडा खाली आलाय. एक तरुण पहार घेऊन चढतो, दगड उलटा करतो आणि थबकतो.

“मुकादम! आत कापूस लागलाय!”

मुकादम येतो, वाकून बघतो. एवढी वर्षं खाणीत काढलेला माणूस, त्यालाही दोन क्षण बोलवत नाही. “हा मशीनवर नको टाकू. बाजूला ठेव.” आज हा दगड वाचला. पण आजूबाजूला नजर टाका. ढिगात जागोजागी पांढरं, हिरवं, चकाकणारं काहीतरी दिसतंय आणि ते सगळं क्रशरच्या तोंडात चाललंय. खडी ब्रासवर विकली जाते. त्या हिशेबात स्फटिकाला जागा नाही, आणि रोजावर पोट असलेल्या माणसानं ती ठेवावी अशी अपेक्षाही आपण धरू नये. मुंबईला रस्ते हवे होते, रुळांखाली खडी हवी होती, गिरगावापासून बोरिवलीपर्यंत स्लॅब पडत होते. कांदिवलीचं तर त्याच्याही आधीपासून हेच काम: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बॅकबेच्या भरावासाठी तिथल्या टेकडीचा दगड आणि माती रेल्वेनं दक्षिणेकडे जात होती. उपनगराच्या टेकड्या फोडून शहराखाली घातल्या गेल्या, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

ह्याच खाणींमधून जे थोडं वाचलं ते खनिजसंग्राहकांच्या जगात नाव करून गेलं. मालाडचं ओकेनाइट आणि प्रेह्नाइट. कांदिवलीचं काळं, चमकदार बॅबिंगटोनाइट, आणि जपानच्या युगावारा गावावरून नाव पडलेलं युगावरालाइट. परदेशातल्या कपाटांत चिठ्ठ्यांवर ‘खांडिवली’ असं जुनं स्पेलिंग अजून दिसतं. त्या खाणींच्या जागी आज वस्त्या आहेत, टॉवर आहेत. तिथला माणूस खिडकीतून ज्या कातळाच्या उभ्या कापाकडे बघतो, तो खाणीचा काप आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तुम्ही आणखी मागे जाता. १८४०चं दशक. उपनगर म्हणजे भाताची खाचरं, मिठागरं आणि ताडाची झाडं. जी. टी. क्लार्क नावाचा इंग्रज अभियंता ह्या भागात फिरतोय. १८४३ मध्ये भांडुपला आलेला असताना मुंबई-ठाणे रेल्वेची कल्पना त्याला सुचली, असं रेल्वेच्या इतिहासात सांगितलं जातं. ह्या माणसाला दगडांचंही वेड होतं. मुंबई बेटाच्या भूगर्भाबद्दल त्यानं लिहिलं, आणि त्याच्या लेखाला जोडून १८४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेननं वरळीच्या काळ्या पाटीदार थरात सापडलेल्या इवल्याशा बेडकाचं वर्णन छापलं. ‘डायनासोर’ हा शब्द पाच वर्षांपूर्वी जगाला दिला तो हाच ओवेन. पुढे १८५२ मध्ये मुंबईतला डॉक्टर हेन्री कार्टर ह्यानं मुंबई बेटाच्या भूगर्भावर मोठा निबंध लिहिला. त्याच थरांतल्या कासवाचं वर्णन त्यानं केलं आणि डॉ. लीथ नावाच्या गृहस्थाचं नाव त्या कासवाला मिळालं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला अजून एक वर्ष होतं. आपल्याकडे जीवाश्मांचं शास्त्र रेल्वेच्या आधी पोचलं होतं.

पण इथे रेंगाळू नका. तो बेडूक जिवंत असताना बघायचाय.

सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी. पहिल्यांदा जाणवतो तो दमट उकाडा, त्यात गंधकाचा वास. भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि उत्तरेकडे सरकतोय. हिमालय नाही. पश्चिमेला, जिथे तुम्हाला वर्सोव्याचा समुद्र ठाऊक आहे तिकडे, जमीन फाटतेय: सेशेल्स बेटांचा खडक भारतापासून नुकता सुटा होतोय आणि मधल्या भेगेत समुद्र शिरतोय. डायनासोर तुम्हाला दिसणार नाहीत. ते संपून बराच काळ लोटलाय. सह्याद्री घडवणारे लाव्ह्याचे प्रचंड थर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास पसरून गेले. पूर्वेला नजर टाकलीत तर नुसतं काळं, पायऱ्यापायऱ्यांचं पठार. ज्वालामुखी आता मुख्यतः इकडे, मुंबईच्या अंगाला, धुमसतायत.

दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात इथे उथळ तळी साचलीत. शतकं, कदाचित हजारो वर्षं, काहीच घडत नाही, आणि तेवढ्यात जीव येऊन वसतात. तुम्ही काठाशी उकिडवे बसा. पाण्यात मोहरीपेक्षा बारीक शिंपलेधारी जीव वळवळतायत. काठच्या झाडांची फळं, बिया पाण्यात पडून तळाशी बसतायत. एक कासव मान आत घेऊन उन्हात पडलंय. मान सरळ मागे न ओढता बाजूला दुमडणाऱ्या जातीचं. आणि चिखलावर, तुमच्या करंगळीच्या पेराहून फारसा मोठा नसलेला बेडूक. हा इंडोबॅट्रेकस. ओवेननं त्याला आपल्या नेहमीच्या बेडकांच्या कुळात घातलं होतं. ते कूळ चुकीचं ठरलं आणि १९३० मध्ये त्याला हे नवं नाव मिळालं. त्याचे खरे नातेवाईक कोण, ह्यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

वरळीत आहे तसा हा थर जोगेश्वरीजवळ आंबोलीच्या खाणीतही निघाला. म्हणजे जिथे आज तुम्ही रिक्षा मिळावी म्हणून हात करता, त्या भागात बेडकांची तळी होती. मला ही गोष्ट कुठल्याही हिऱ्यापेक्षा मोठी वाटते.

बेडूक मरतो, तळाशी जातो. तळाचा गाळ काळा आहे, कुजलेल्या पानांनी भरलेला. त्यात प्राणवायू कमी, म्हणून नाजूक हाडंही शाबूत राहतात. वरून राख पडते, पुन्हा गाळ बसतो. मग एक दिवस क्षितिजाशी लाल रेघ दिसते. लाव्हा घाईनं येत नाही, पण थांबतही नाही. तळ्याला भिडतो तेव्हा पाणी फुत्कारत वाफ होऊन वर जातं, वितळलेल्या दगडाच्या ठिकऱ्याठिकऱ्या उडतात. मागे सरका. तळं गेलं. पण त्याचं पान मिटून ठेवलं गेलं आहे, वर कातळाचं ओझं घेऊन.

ह्यापुढचा काळ सगळ्यांत लांब आणि अंधारातला. थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्यात. भेगांमधून कोमट पाणी झिरपतं, खडकातलं कॅल्शियम आणि सिलिका विरघळवून घेतं आणि पोकळीत पोचलं की थोडं थोडं सोडून देतं. एका पोकळीत तुम्ही आहात असं समजा. उजेड नाही, आवाज नाही. भिंतीवर गायरोलाइटच्या पातळ चकत्या जमतायत. त्यांच्यावर ओकेनाइटचे तंतू, केसाहून बारीक, एका बिंदूपासून सगळीकडे वाढतायत. त्यांना वारा लागत नाही, बोट लागत नाही. म्हणूनच ते तसे वाढू शकतात. दगडाबद्दल आपण ‘निर्जीव’ म्हणून मोकळे होतो. ही वाढ पाहिलेला माणूस तो शब्द जपून वापरेल.

बाहेर पडता पडता अंधेरीकडे बघून घ्या. तिथे वितळलेल्या दगडाचा एक जाड साठा हळूहळू निवतोय. निवताना तो आकसतो, आकसताना उभा तडकतो, आणि तडे एकमेकांना मिळून बहुकोनी खांब सुटे होतात. हीच गिल्बर्ट हिल. तिचं वय सरसकट साडेसहा कोटी वर्षं सांगितलं जातं. पण २००१ मध्ये हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी ह्यांनी तिच्या खडकातल्या आर्गॉनचं मोजमाप ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आकडा सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षांचा आला. साकीनाका आणि मनोरीचा फिकट रंगाचा ट्रॅकाइट खडकही त्याच सुमाराचा निघाला. म्हणजे दख्खनचा मोठा उद्रेक ओसरल्यावरही पन्नासएक लाख वर्षं आपल्या उपनगरांखाली आग जिवंत होती. साकीनाक्याच्या सिग्नलला अडकलात तर हे आठवण्याजोगं आहे.

आता आजच्या तारखेला या. मेट्रोचे बोगदे सीप्झपासून कुलाब्यापर्यंत ह्याच थरांतून गेलेत. पुनर्विकासाच्या प्रत्येक इमारतीसाठी खोल खड्डा घेतला जातोय, आणि त्यातला दगड रात्रीतून डंपरनं निघून जातोय. ह्यातला फार थोडा कुणा जाणकाराच्या नजरेखालून जातो. माझं म्हणणं एवढंच आहे: तुमच्या सोसायटीचा खड्डा खणला जात असेल तर काम बघणाऱ्या अभियंत्याला आधीच सांगून ठेवा. आत चकाकणारं काही, किंवा पाटीसारखा सुटणारा काळा थर निघाला, तर एक तुकडा बाजूला काढायचा. जागा, खोली आणि तारीख कागदावर लिहून तो भूगर्भशास्त्राच्या विभागाकडे पोचवायचा. पवईला आयआयटी आहे, धोबीतलावला सेंट झेवियर्स आहे. गाव नसलेला दगड नुसता शोभेचा. गावासकट तो पुरावा होतो.

आणि गिल्बर्ट हिलवर जा. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, रिक्षावाल्याला गावदेवी डोंगरी सांगा. सुमारे ६१ मीटर उंचीचा तो कातळ वस्तीनं चहूबाजूंनी वेढलाय. २००७ मध्ये तो महापालिकेच्या वारसायादीत आला, पण तोवर बरीच तोड होऊन गेली होती. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर देवीच्या देवळापर्यंत चढता येतं. खांब मात्र खालून, थोडं लांबून बघा. मुलांना बरोबर न्या. तिथे तिकीट नाही.