‘र’ टाळणारा वक्ता आणि खिशातला फोन

आठव्या शतकात बसरा शहरात वासिल बिन अता नावाचे एक विद्वान होऊन गेले. मुअतझिला विचारपंथाचे ते संस्थापक मानले जातात. वक्ते म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता, पण त्यांना ‘र’ उच्चारता येत नसे. मग त्यांनी एक विलक्षण उपाय केला. त्यांनी बोलण्यातून ‘र’च काढून टाकला! गव्हाला अरबीत ‘बुर्र’ म्हणतात. वासिल त्याऐवजी ‘कम्ह’ म्हणत. ‘र’ नसलेला त्यांचा एक संपूर्ण खुत्बा आजही सांगितला जातो. पुढच्या शतकात त्याच शहरातल्या जाहिज या लेखकाने ही हकिकत लिहिली आणि एक प्रश्नही विचारला: दहा, चाळीस, बुधवार, सफर, रजब या सगळ्या अरबी शब्दांत ‘र’ येतो, मग हे शब्द ते कसे बोलत असतील?

हा प्रश्न मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण माझे सगळे बालपण याच कसरतीत गेले आहे. मी अडखळत बोलायचो. ‘म’वर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. ‘मला’ म्हणायचे टाळून ‘आपल्याला’ म्हणायचो, ‘मीठ’ मागायचे टाळून भाजी अळणीच खायचो. शब्द बदलता येतो, पण हजेरीला स्वतःचे नाव कसे बदलणार? माझे नाव ‘म’वरूनच सुरू होते. वर्ग हसायचा आणि गुरुजीही हसायचे. घरी अम्मी हजरत मूसा यांची दुआ शिकवायची. त्यांनीही जिभेची गाठ सुटावी म्हणून अल्लाहकडे मागणे मागितले होते. पैगंबरांनाही हा त्रास होता, एवढ्यानेच मला धीर यायचा.

आवाज तोंडात कुठे तयार होतो, हे शोधण्याचे काम फार जुने आहे. देवनागरीची वर्णमालाच पाहा. क-वर्ग कंठात, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी प-वर्ग ओठांवर. बसऱ्याच्याच खलील बिन अहमद यांनी अरबी शब्दकोश अलिफ-बे प्रमाणे न लावता घशातल्या अक्षरांपासून ओठांकडे लावला. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी अक्षरांच्या उत्पत्तीवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. वैद्य असल्यामुळे त्यांनी आधी स्वरयंत्र आणि जीभ यांची रचना सांगितली, मग एकेका अक्षराचे वर्णन केले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘क’ आणि ‘क़ाफ’ यांतला फरक मुलांना दाखवताना मी आजही याच वाटेने जातो.

यंत्र आले ते एकोणिसाव्या शतकात. 1867 मध्ये अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी प्रसिद्ध केली. जीभ, ओठ आणि घसा कसे ठेवायचे, हे तिच्या चिन्हांतूनच दिसे. त्यांचा मुलगा ग्रॅहम बेल 1871 मध्ये ही लिपी घेऊन बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांना शिकवायला गेला. त्याची आई कमी ऐकत असे. पुढे त्याची पत्नी झालेली मेबल लहानपणीच्या तापाने बहिरी झाली होती. 1874 मध्ये त्याने मृत माणसाच्या कानाला गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या रेघा उमटवल्या. ऐकू न येणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज डोळ्यांनी दिसावा, हा त्यामागचा एक हेतू होता. या प्रयोगांतूनच त्याला टेलिफोनची दिशा मिळाली. 1876 मध्ये पेटंट मिळाले. म्हणजे फोनचा जन्म उच्चार शिकवणाऱ्या मास्तराच्या हातून झाला आहे, हे आपण विसरतो.

पण याच इतिहासाला काळी बाजूही आहे. 1880 मध्ये मिलान येथील परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेऐवजी तोंडी बोलण्यालाच मान्यता दिली. ग्रॅहम बेलही याच मताचा पुरस्कर्ता होता. कित्येक शाळांतून मुलांची हातांची भाषा हिरावली गेली. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 साल उजाडले. उपचार करणाऱ्याने ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी. माणसाला बोलते करायचे असते, त्याला आपल्यासारखे करायचे नसते.

पुढे विसाव्या शतकात आवाजाचे चित्र काढणारे स्पेक्ट्रोग्राफ आले. मग संगणक आला आणि पडद्यावर आवाजाच्या जोरावर फुगा फुगवण्यासारखे खेळ आले. 1950 मध्ये बर्नार्ड ली यांनी दाखवले, की स्वतःचा आवाज क्षणभर उशिराने कानावर पडला तर नीट बोलणाराही अडखळतो. गंमत अशी, की अडखळणाऱ्या काहींचे बोलणे त्याच युक्तीने सुरळीत होते. सगळ्यांचे होत नाही, आणि झाले तरी यंत्र काढल्यावर टिकेलच असे नाही. ज्यांचा आवाजच गेला, त्यांच्यासाठी यंत्र बोलू लागले. स्टीफन हॉकिंग यांचा तो प्रसिद्ध यांत्रिक आवाज डेनिस क्लॅट या शास्त्रज्ञाच्या कामातून आला. पुढे खुद्द क्लॅट यांचाच आवाज कर्करोगाने हिरावला होता.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाक् व श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. पण तालुक्याच्या गावातून मूल घेऊन वांद्र्याला जाणे किती पालकांना जमते? एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे वेगळे. व्हिडिओ कॉलवर स्पीच थेरपिस्ट भेटतो, हे म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते.

माझ्या वर्गात सहावीतला एक मुलगा आहे. ‘पाणी’ अडते म्हणून तो तहानलेलाच बसायचा. मी त्याची चोरी पहिल्याच दिवशी ओळखली. आता दर आठवड्याला तो वडिलांच्या फोनवर एका ताईंशी बोलतो. रोज एक परिच्छेद सावकाश वाचून रेकॉर्ड करतो आणि स्वतःच ऐकतो. आधी त्याला स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. मागच्या महिन्यात हजेरीला त्याने नाव सांगितले. तीनदा अडखळला, पण पूर्ण सांगितले. वर्ग हसला नाही, कारण पहिल्या दिवशीच मी मुलांना माझ्या ‘म’ची गोष्ट सांगितली होती.

फोनने त्याला सराव दिला. थांबून ऐकण्याचे काम मात्र फोन करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते.