विद्येची साधने आणि त्यांचा कार्यभार

जपानमध्ये १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवर पाककलेच्या सामन्यांचा एक कार्यक्रम फार लोकप्रिय झाला होता. त्यात फ्रेंच पाकपद्धतीचे आचार्य म्हणून हिरोयुकी साकाई हे गृहस्थ गाजले. या बल्लवाचार्यांचे नाव पुढे अमेरिकेतील विद्यापीठांनी आपल्या एका सामायिक संगणकप्रणालीस द्यावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. मिशिगन विद्यापीठाने अध्यापनासाठी रचलेल्या एका प्रणालीचे आद्याक्षरी नाव 'शेफ', म्हणजे आचारी, असे होते. तिची पुढची पिढी इतर विद्यापीठांच्या साह्याने घडू लागली, तेव्हा तिला एका नामांकित आचाऱ्याचे नाव मिळाले. नाव विनोदाने पडले खरे. पण त्यामागचा प्रश्न विनोदाचा नव्हता. विद्यापीठाने शिकवावयाचे ते कोणाच्या साधनांनी, आणि त्या साधनांवर हक्क कोणाचा, असा तो प्रश्न होता.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास संगणकशास्त्र येण्याची गरज नाही. परगावी बदलीवर राहणाऱ्या माणसास तो सहज उमगेल. परवान्याने विकत घेतलेले सॉफ्टवेअर हे भाड्याच्या घरासारखे असते. त्यात राहता येते, पण मालकाच्या संमतीवाचून भिंतीत खिळा ठोकता येत नाही. आणि करार संपला की सामान उचलावे लागते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. तेथे घराबरोबर घराचा नकाशाही हाती येतो. मूळ संहिता वाचावी, बदलावी, वाढवावी आणि शेजाऱ्यास द्यावी, एवढे स्वातंत्र्य त्यात गृहीत असते. मात्र गळणारे छप्पर आपले आपणच दुरुस्त करावयाचे असते, हेही त्याबरोबर आलेच.

विद्यापीठांस प्रथम भाड्याचीच घरे मिळाली. १९९७ साली वॉशिंग्टन येथे ब्लॅकबोर्ड ही कंपनी निघाली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जन्मलेली वेबसीटी ही प्रणालीही लवकरच बाजारात उतरली. २००६ साली पहिलीने दुसरीस आपल्या पोटात घेतले. या दरम्यान ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची देखभाल पाहणारा मार्टिन डौगियामस नावाचा एक तरुण तिच्या मर्यादांना कंटाळून स्वतःच एक प्रणाली रचीत होता. त्याचे बालपण वाळवंटातील दूरच्या वस्तीत गेले होते आणि शाळा त्याला रेडिओच्या लहरींवरून भेटली होती. शिक्षक दूर असला म्हणजे काय होते, हे त्याने पुस्तकातून शिकलेले नव्हते. २० ऑगस्ट २००२ रोजी त्याने 'मूडल'ची पहिली पूर्ण आवृत्ती सर्वांस खुली केली. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये मिशिगन, इंडियाना, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्ड या चार संस्थांनी मेलन प्रतिष्ठानाच्या अनुदानावर साकाई प्रकल्पास हात घातला. चारही ठिकाणी तेच काम वेगवेगळे चालले होते. ते एकत्र करावे, एवढाच मूळ व्यवहारी विचार होता.

परंतु एकत्र काम करणारी माणसे हजारो मैल दूर असली म्हणजे त्यांस कधी तरी एकमेकांची तोंडे पाहावी लागतात. या गरजेतून साकाईच्या परिषदा सुरू झाल्या. व्हँकुव्हर येथे २००६ साली, ॲम्स्टरडॅम येथे २००७ साली, पॅरिस येथे २००८ साली अशा त्या भरत गेल्या, आणि अमेरिकेतील एक घरगुती व्यवहार हळूहळू आंतरराष्ट्रीय झाला. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन विद्यापीठाने साकाईवर आपली 'वुला' ही प्रणाली उभारली होती. या परिषदांतून प्राध्यापक, ग्रंथपाल आणि संहिता लिहिणारे तंत्रज्ञ एका टेबलाशी बसत. व्यापारी कंपन्या तेथे वर्ज्य नव्हत्या. त्यांनी सेवा विकावी, मूळ संहिता मात्र सर्वांची राहावी, असा दंडक होता. २०१२ साली साकाई प्रतिष्ठान आणि जॅसिग ही विद्यापीठांचीच दुसरी संस्था मिळून एपेरिओ प्रतिष्ठान झाले आणि परिषदेचे नावही त्याप्रमाणे बदलले.

अशा संमेलनांतून भाषणे फार होतात आणि काम थोडे, अशी शंका कोणासही यावी. ती दूर होण्याजोगा प्रसंग २००६ साली आला. जानेवारीत ब्लॅकबोर्ड कंपनीस अमेरिकेत एक एकस्व मंजूर झाले होते. एकाच व्यक्तीने एका अभ्यासक्रमात विद्यार्थी आणि दुसऱ्यात शिक्षक म्हणून प्रवेश करावा, यांसारख्या सोयीही त्याच्या कक्षेत येत होत्या. जुलैत त्या कंपनीने डिझायर टू लर्न या कॅनडातील प्रतिस्पर्ध्यावर टेक्ससमधील न्यायालयात दावा लावला. आज प्रतिस्पर्धी, उद्या मूडल आणि साकाई, ही भीती सर्वत्र पसरली. फुकट वाटलेल्या वस्तूंवरही दावा लागू शकतो, हे विद्यापीठांस प्रथमच कळून आले.

यावर या समुदायाने जे शस्त्र उपसले, ते इतिहासाच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारे आहे. त्यांनी इतिहास लिहावयास घेतला. ही कल्पना कंपनीच्या आधी कोणाकोणास सुचली होती, याची नोंद जगभरच्या शिक्षकांनी विकिपीडियावर मिळून केली. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या 'प्लेटो' या संगणकीय अध्यापन-प्रणालीपासून विस्मृतीत गेलेल्या कितीतरी प्रयोगांस त्यामुळे उजाळा मिळाला. नोव्हेंबर २००६ मध्ये मूडल, साकाई आणि एट्यूटर यांच्या वतीने एकस्वाच्या फेरतपासणीची मागणी झाली. १ फेब्रुवारी २००७ रोजी, मुक्तस्रोत प्रणालींविरुद्ध हे एकस्व वापरणार नाही, असे अभिवचन कंपनीने जाहीर केले. दाव्यात २००८ साली ज्यूरीने कंपनीस ३१ लक्ष डॉलरची भरपाई देवविली. पण जुलै २००९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दाव्याचा पायाच अवैध ठरविला. आपल्या आधीच्यांनी काय केले याची नोंद ठेवणे हे केवळ कृतज्ञतेचे नव्हे, तर आत्मसंरक्षणाचेही कर्तव्य आहे, एवढे या प्रकरणाने शिकविले.

आपल्याकडे ही चळवळ मुंबईत पवई येथे रुजली. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले. एरवी इंग्रजीपुढे दबून जाणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या भाषेत आज्ञावली समजावून सांगणारा कोणी तरी भेटला. हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स यांनी २०१२ साली काढलेल्या एडेक्सची संहिता १ जून २०१३ रोजी खुली झाली, आणि तिच्याच आधारे पवईत 'आयआयटी बॉम्बे एक्स' उभे राहिले. पुढे २०२१ साली मूळ एडेक्स ८० कोटी डॉलरला एका व्यापारी कंपनीस विकले गेले, आणि ती कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या न्यायालयात पोचली. तथापि खुली संहिता खुलीच राहिली. दुकान विकले गेले, पण पाककृती पंचक्रोशीत आधीच वाटलेली होती!

शिक्षकांची 'दीक्षा' २०१७ साली ज्या 'सनबर्ड' नामक मुक्तस्रोत पायावर उभी राहिली, तोच पाया आपण केंद्र सरकारचे नोकर ज्यावर अभ्यासक्रम पुरे करतो त्या 'आयगॉट कर्मयोगी'सही लाभला आहे. पण पाया खुला असला म्हणून त्यावरील माणसे आपोआप मोकळी होत नाहीत. येथे एक स्वानुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वर्गासाठी मी बरीच टिपणे तिच्या प्रणालीत लिहून ठेवली होती. कंत्राट संपले, प्रणाली बदलली आणि टिपणे गेली. कोणाचा अपराध म्हणावा? नियमानुसार सर्व काही यथास्थित झाले होते. माझ्या हाती मात्र माझेच अक्षर उरले नाही.

त्या आठवड्याच्या रविवारी मी मानसरोवराहून मेट्रोने चांदपोलला उतरलो आणि पायी जंतरमंतरपर्यंत गेलो. सवाई जयसिंगाने १७२७ साली वसविलेल्या या नगरात एके काळी जे चालले होते, त्यास विद्वानांची आंतरराष्ट्रीय परिषद म्हणण्यास हरकत नसावी. महाराष्ट्रीय म्हणून परंपरेने ओळखले जाणारे पंडित जगन्नाथ सम्राट येथे अरबी शिकले. युक्लिडची भूमिती नासिरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून त्यांनी 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीचा ग्रंथ १७३२ साली 'सिद्धांतसम्राट' म्हणून उतरविला. राजाने पाद्री फिगेरेदो यांस पोर्तुगालला धाडिले. त्या मंडळाने आणलेली फ्रेंच ज्योतिषी ला हिर याची कोष्टके तपासता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आढळली, आणि तसे राजाने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले. दुसऱ्याचे घ्यावे, तपासावे, सुधारावे आणि पुन्हा लोकांत ठेवावे, हीच ना मुक्तस्रोताची रीत!

परंतु १७४३ साली जयसिंग वारला आणि हा मेळा मोडला. वारसांचे युद्ध पेटले. १७५० साली होळकरांची फौज जवळ येत असता राजा ईश्वरीसिंगाने आत्मघात केला. त्या दुर्दशेत आपल्या मराठ्यांचाही वाटा होता, हे येथे राहणाऱ्या मराठी माणसाने विसरणे बरे नव्हे. दगडी यंत्रे राहिली, पण ती चालविणारी पिढी राहिली नाही. जगन्नाथांचे 'रेखागणित' मात्र नकला होत होत जगले आणि १९०१-०२ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून निघाले. ज्याची प्रत अनेकांच्या हाती होती ते उरले; ज्याचा आधार एकाच राजाचा खजिना होता ते थांबले.

आम्हां कारकून मंडळींस एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. बदली झाली की कार्यभार सोपवावा लागतो. काय हाती होते, काय अपुरे आहे, किल्ली कोठे आहे, हे येणाऱ्यास सांगितल्यावाचून जाता येत नाही. जयसिंगाच्या विद्येचा कार्यभार घेण्यास कोणी आलेच नाही. साकाई-मूडलच्या परिषदांचे खरे मोल मला येथे दिसते. दर वर्षी भरणारी ती कार्यभार सोपविण्याची सभा आहे; एक विद्यापीठ दमले तर दुसऱ्याने ओझे उचलावे, यासाठी ती भरते.

मूडलमध्ये मराठीचाही भाषासंच आहे. अशा संचांतील एकेक वाक्य स्वयंसेवकच उतरवीत असतात. दिवसभर हिंदी-इंग्रजी मसुदे करणाऱ्या आपल्यासारख्यांस हे काम अवघड नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ त्यास दिली, तर मायभूमीपासून दूर राहूनही तिच्या विद्येचा थोडासा कार्यभार आपण सांभाळला, असे म्हणता येईल. मी स्वतः गेल्या महिन्यात आरंभ केला आहे. परभाषेतील पहिल्याच वाक्याने मला अर्धा तास अडवून धरले होते.