केंद्र सरकार समजून घेताना

शाळेत नागरिकशास्त्र हा इतिहासाला जोडून येणारा, थोड्या गुणांचा विषय असतो. परीक्षा संपली की तो विस्मरणात जातो आणि पुढे नागरिक आयुष्यभर चुकीची दारे ठोठावत राहतो. लोकलच्या गर्दीचा जाब नगरसेवकाला विचारला जातो आणि नळाच्या पाण्याचा खासदाराला. कोणते काम कोणाचे हे लोकांना ठाऊक नसले, की प्रत्येक कार्यालयाला दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे जाते. हे अज्ञान दूर करण्यास राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. रोजच्या जगण्यातील एक विषय निवडावा आणि सरकारी दप्तरात त्याचा शेवटपर्यंत माग काढावा. त्यासाठी रेल्वे हे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आहे.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. रेल्वे, संरक्षण व टपाल हे विषय संघसूचीत, पोलीस व पाणीपुरवठा राज्यसूचीत, तर शिक्षण समवर्ती सूचीत आहे. केंद्राची रचना कळण्यासाठी संपूर्ण घटना वाचण्याची गरज नाही. पाचव्या भागातील अनुच्छेद ५२ ते १५१ यांपासून सुरुवात करावी. घटनेची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, ही अनुच्छेद ७५ मधील तरतूद या व्यवस्थेचा कणा होय. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने कोसळले, तेव्हा तिचे सामर्थ्य देशाने पाहिले.

पैसा कोठून कोठे?

रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. अर्थमंत्र्यांचे भाषण सारेच ऐकतात. खरी माहिती मात्र सोबतच्या तक्त्यांत असते. त्यांत सामान्यतः चार रकाने असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाची तरतूद. मूळ व सुधारित आकडे शेजारी ठेवून वाचले, की घोषणा आणि अंमलबजावणी यांतील अंतर ध्यानात येते.

मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांची छाननी संसदेच्या विभागवार स्थायी समित्या करतात. या २४ समित्यांपैकी प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. विनियोजन कायदा संमत झाल्याखेरीज भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. खर्चानंतर नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासणी करतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात. कोणताही मंत्री या समितीचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

उत्तर कोणाकडून?

लोकसभेत प्रश्नोत्तरांच्या दिवशी २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. ही उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. आपल्या खासदाराने कोणते प्रश्न विचारले हे तेथे पाहता येते आणि एखादा प्रश्न मांडण्याची विनंती त्यांना पत्राने करता येते.

तेथेही माहिती न मिळाल्यास १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झालेला माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. केंद्रीय कार्यालयांकडील अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही माफ आहे. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर न मिळाल्यास किंवा असमाधानकारक वाटल्यास प्रथम त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि नंतर केंद्रीय माहिती आयोगाकडे अपील करता येते. अर्जात ‘पूल का झाला नाही?’ असे विचारण्यापेक्षा पुलाच्या मंजुरीची, निविदेची व खर्चाची कागदपत्रे मागावीत. हा कायदा उपलब्ध नोंदी देण्यास बांधील करतो, मत देण्यास नव्हे.

एका पादचारी पुलाचा असा माग काढणाऱ्याला घटना, अर्थसंकल्प, संसद आणि प्रशासन या चारही गोष्टींची तोंडओळख होते. पुढच्या वेळी मत मागण्यास उमेदवार दारी आला, की त्याला नेमके काय विचारावे हेही त्याला ठाऊक असते.