जेलीतली साखर

फळांची जेली हा इंग्लंडमधील घरांतला जुना पदार्थ. अठराव्या शतकात तेथील गृहिणी ‘रेडकरंट’ नावाच्या लहान, लाल, आंबट फळांपासून ती करीत. १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास यांच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात तिची कृती आढळते. फळे शिजवून त्यांचा रस कापडातून आपसूक गळू द्यावयाचा. पिळला की जेली गढूळ होते. मग त्यात जवळजवळ तितकीच साखर घालून तो आटवावयाचा. रस का थिजतो, याचे उत्तर विज्ञानाने पुढे दिले. फळांतील त्या द्रव्यास फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये ‘पेक्टिन’ हे नाव दिले.

फळे परसातली, पण साखर? ती प्रामुख्याने वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येई. तेथे ऊस तोडणारे हात आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या गुलामांचे आणि त्यांच्या मुलाबाळांचे होते. एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्यम विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव कॉमन्स सभेने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. पार्लमेंटमध्ये हरलेला प्रश्न तेव्हा स्वयंपाकघरात शिरला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी पत्रक काढून ही साखर वर्ज्य करण्याचे आवाहन केले. थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजानुसार सुमारे तीन लाख लोकांनी ती सोडली. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. परंतु घरात कोणती साखर यावी, हे त्या ठरवू शकत होत्या. १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी गुलामगिरी तत्काळ नष्ट करावी, अशी मागणी करणारी पुस्तिका लिहिली.

काही कुटुंबांनी हिंदुस्थानची साखर घेतली. ‘ही गुलामांनी पिकवलेली नाही’ अशा आशयाची अक्षरे असलेली साखरदाणी टेबलावर मांडली जाई. ‘शर्करा’ हा शब्द जगाला देणारी आपली भूमीही मात्र निर्दोष नव्हती; येथील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने संपली.

ब्रिटिशांचा गुलामव्यापार १८०७ मध्ये कायद्याने थांबला. वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. त्यामागे गुलामांचे उठाव होते, अर्जविनंत्या होत्या आणि साखरेविना राहिलेल्या घरांचाही वाटा होता. नाताळासाठी आपण पेरूची जेली वा पेराद आटवतो, तेव्हा त्या साखरेमागेही उसाच्या फडात कोयता चालविणारे हात असतात. त्या हातांना न्याय्य मोल मिळाले का, हे विचारणे आपल्याही घराचे कर्तव्य आहे.