जनगणनेसाठी फोन मोहीम कशी चालवावी

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत होईल. 2011 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 65 लाख बौद्धांची नोंद झाली. आपण सभा घेतो, व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरवतो. पण प्रगणक येतो तेव्हा दार उघडणारी आजी किंवा सून त्या सभेला आलेली नसते. फोन तिच्यासाठी करायचा आहे.

यादी विहारापासून सुरू करा. वर्षावास, जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत ज्यांनी स्वतःहून नंबर दिले तेवढेच घ्या. सोसायटीच्या किंवा कोणाच्या ऑफिसातल्या याद्या उचलू नका. एका कार्यकर्त्याकडे तीस-चाळीस घरे पुरेत, आणि शक्यतो ओळखीच्या गल्लीतली. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बरी.

“जय भीम मावशी, मी अमुक विहारातून बोलतोय,” एवढ्याने सुरुवात करा. आधार नंबर, ओटीपी, बँक यांतले काहीही विचारायचे नाही, हे पहिल्याच मिनिटात सांगा. फसवणुकीच्या फोनांनी लोक धास्तावलेले आहेत. संशय आला आणि त्यांनी फोन ठेवला तर वाईट वाटून घेऊ नका. मग तीनच गोष्टी सांगा: धर्म विचारला की ‘बौद्ध’ सांगा, प्रगणकाने काय नोंदवले ते विचारून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांना हे कळवा. तुम्ही सांगाल तोच धर्म नोंदवणे प्रगणकावर बंधनकारक असते.

खरा वेळ जातो तो एका प्रश्नावर: “बौद्ध सांगितलं तर पोराची सवलत जाईल का?” याचे उत्तर प्रत्येकाला पाठ हवे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1990 मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही त्यात समावेश झाला. धर्म बौद्ध सांगितल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. मात्र त्या यादीत ‘बौद्ध’ हे जातीचे नाव नाही, म्हणून जातीच्या प्रश्नाला प्रमाणपत्रावरची जात सांगावी लागते. जात सांगावी की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत. ते विहारात बोलू, फोनवर वाद नको. वस्तुस्थिती सांगा, निर्णय त्या घराचा. खोटे उत्तर द्यायला मात्र कोणालाही सुचवू नका. 1948 च्या जनगणना कायद्यानुसार खरी माहिती देणे बंधनकारक आहे आणि ती गोपनीय राहते.

वहीत चारच खुणा ठेवा: बोलणे झाले, उचलला नाही, चुकीचा नंबर, पुन्हा करू नका. शेवटची खूण असलेल्या घरी खरोखरच पुन्हा फोन जाता कामा नये. न उचलणाऱ्यांना दोनदा करून पाहा, मग रविवारी वंदनेनंतर दारावर जा. पहिली फेरी डिसेंबरात आणि आठवण मोजणीच्या आदल्या आठवड्यात. मोजणी संपली की नंबरांची यादी फाडून टाका.