बडतर्फ सैनिकांचे पुनर्वसन
शिस्तभंगाबद्दल सेनादलातून बडतर्फ झालेल्यास माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. नोकरीतील आरक्षण जाते, निवृत्तिवेतनही बहुधा बुडते. वसमतसारख्या तालुक्याच्या गावी पहारेकऱ्याची नोकरी मागायला गेले तरी आधी डिस्चार्ज बुक उघडले जाते आणि त्यातल्या शेऱ्यावर बोट थांबते. हा डाग जन्मभराचा मानणे अन्यायाचे आहे. उदाहरणार्थ, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत झालेल्या नाविक उठावानंतर ४७६ खलाशांना काढून टाकले. स्वातंत्र्य आल्यावरही नौदलाने त्यांना परत घेतले नाही. त्यांच्यापैकी बी. सी. दत्त यांना ‘फ्री प्रेस जर्नल’ या वृत्तपत्रात काम मिळाले. पुढे या खलाशांना स्वातंत्र्यसैनिक मानण्यात आले, पण फार उशिरा. आज बडतर्फीविरुद्ध सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते (कायदा २००७). त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.