कोपरे सोडून आतून: करमरकर यांचा १९८४चा शोधनिबंध

१/ १९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने एका गणिती शोधाला पहिल्या पानावर जागा दिली. शोधकर्ते नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, आयआयटी मुंबईचे पदवीधर, तेव्हा एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्समध्ये कार्यरत. त्यांचा निबंध त्याच वर्षी ‘कॉम्बिनेटोरिका’त प्रसिद्ध झाला. पुढे उठलेला वाद मात्र गणितापुरता राहिला नाही.

२/ प्रश्न जुनाच होता. विमाने इतकी, मार्ग इतके, इंधन मर्यादित. खर्च कमीत कमी कसा व्हावा? हे लिनिअर प्रोग्रामिंग. सर्व अटी पाळणारी उत्तरे मिळून हिऱ्यासारखा पैलूदार आकार होतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर असते. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने कोपऱ्यामागून कोपरा गाठते. व्यवहारात ती उत्तम चाले. पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा आकार रचला, की तिला प्रत्येक कोपरा पालथा घालावा लागे. चल ४० असतील, तर हे कोपरे एक लाख कोटींहून अधिक होतात!

३/ १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी असा स्फोट टाळणारी पद्धत सिद्ध केली. सिद्धान्त निर्दोष, गणना संथ. करमरकर यांनी कडा सोडून आकाराच्या आतून वाट काढली. दर पावलाला ते अवकाशाचे असे रूपांतर करतात, की आपण उभे आहोत तो बिंदू मध्यभागी येतो. मग भिंतीला न धडकता मोठे पाऊल टाकता येते. स्फोट टळण्याची हमी कायम, शिवाय वेगाचाही दावा.

४/ खरी अडचण इथेच होती. सिद्धता छापलेली होती, कोणीही तपासावी. परंतु वेगाचा दावा ज्या प्रोग्रॅमवर उभा होता, त्याचे तपशील कंपनीने गुपित राखले. इतरांनी निबंध वाचून स्वतः प्रोग्रॅम लिहिले. दाव्याइतका वेग हाती लागेना. जे पडताळता येत नाही ते ‘प्रकाशित’ म्हणावे का? मला हा आक्षेप रास्त वाटतो. १९८८ मध्ये कंपनीला पेटंटही मिळाले.

५/ दरम्यान संशोधकांनी जुने कागद चाळले. गिल, मरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले, की ही पद्धत १९६०च्या दशकातील लॉगरिदमिक बॅरियर पद्धतीशी समतुल्य ठरते. करमरकर यांच्या पद्धतीचे जे सोपे रूप अनेकांनी नव्याने शोधले, ते सायबेरियातील डिकिन यांनी १९६७ मध्येच छापले होते. तो निबंध पश्चिमेत बराच काळ दुर्लक्षित राहिला होता.

६/ यामुळे करमरकर यांचे श्रेय पुसले जात नाही. डिकिन यांच्या निबंधात ती हमी नव्हती आणि निजलेले हे क्षेत्र १९८४नंतरच जागे झाले. कंपनीने ‘कॉर्बएक्स’ ही प्रणाली सुमारे ८९ लाख डॉलरना विक्रीस काढली. ग्राहक मोजकेच मिळाले, त्यांपैकी एक अमेरिकी हवाई दल. आतून जाणाऱ्या पद्धती मात्र आज बहुतेक मोठ्या सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्सच्या शेजारीच बसलेल्या आहेत.